घरच्या घरी पारंपरिक आकाशकंदील: कामट्या, पतंगी कागद आणि खळ यांपासून सुरुवात

कोजागरी पौर्णिमेपासून वसुबारसेपर्यंत बारा तिथींचे अंतर असते आणि पहिल्यांदाच आकाशकंदील करणाऱ्याला ते पुरते. कंदिलाला लागणारा वेळ मुख्यतः खळ (मैदा शिजवून केलेले चिकट मिश्रण) आणि गोंद वाळण्यात जातो. प्रत्यक्ष हाताचे काम तीन संध्याकाळींत बसते. पहिल्या संध्याकाळी सांगाडा, दुसऱ्या संध्याकाळी कागद आणि तिसऱ्या संध्याकाळी सजावट व दिव्याची जोडणी, अशी विभागणी केली आणि मधे एकेक रात्र वाळण्यासाठी सोडली, तर घाई होत नाही. परतीचा पाऊस अजून रेंगाळत असेल, तर हवेतल्या दमटपणामुळे वाळण्याचा वेळ जवळजवळ दुप्पट धरावा आणि काम दोन दिवस आधीच हाती घ्यावे.

कार्तिकात उंच जागी दिवा लावण्याची आकाशदीपाची प्रथा जुनी आहे. पूर्वी घरापुढे उंच काठी रोवून तिच्या टोकाला कंदील चढवला जाई आणि त्यात तेलाची पणती ठेवली जाई. आज तोच कंदील गॅलरीत किंवा दारावर येऊन थांबला आहे आणि पणतीच्या जागी विजेचा दिवा आला आहे. परंतु कामट्यांच्या सांगाड्याला पातळ रंगीत कागद लावण्याची पद्धत अजून टिकून आहे. मुंबईत माहीमच्या कंदील गल्लीत दिवाळीच्या आधी असे कंदील रांगेने टांगलेले दिसतात, आणि गोव्यात गावोगावी आकाशकंदिलांच्या स्पर्धा भरतात. या लेखात आपण जो कंदील करणार आहोत तो यांतला सर्वांत ओळखीचा प्रकार आहे: बाजूंना टोकावर उभे असलेले चार चौकोन, त्यांच्यामधल्या जागेत त्रिकोण, वरखाली एकेक उघडा चौकोन आणि खाली झिरमिळ्या.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. नवशिक्यांचे लक्ष बहुधा रंग, सोनेरी पट्ट्या आणि नक्षी यांकडे असते, तर कंदिलाचे रूप मात्र सांगाड्यावर ठरते. चौकोन किंचितही तिरका झाला, तर त्यावर कागदाला सुरकुती पडते, आणि दिवा लावल्यावर ती सुरकुती काळ्या रेषेसारखी उठून दिसते; मग कितीही नक्षी चिकटवली तरी ती झाकली जात नाही. म्हणून एकूण वेळातला निम्मा वेळ सांगाड्याला द्यावा, असा माझा आग्रह आहे.

आकार आणि मापे

हा कंदील एकाच मापाच्या सहा चौकोनांचा बनतो. प्रत्येक चौकोनाला चार कामट्या, म्हणजे एकूण २४ कामट्या लागतात. त्रिकोणांसाठी वेगळ्या कामट्या लागत नाहीत, कारण चौकोन कोपऱ्यांना कोपरे लावून जोडले की त्यांच्यामध्ये आपोआप आठ समभुज त्रिकोण तयार होतात. या रचनेची गंमत अशी की सगळ्या बाजू सारख्या असल्यामुळे एकच माप लक्षात ठेवावे लागते.

पहिल्या कंदिलासाठी चौकोनाची बाजू २० सेंटिमीटर ठेवावी. त्याहून लहान कंदिलात हात घालून काम करणे अवघड जाते, आणि त्याहून मोठ्या कंदिलात कामटी मधोमध वाकण्याचा धोका असतो. बाजू २० सेंटिमीटर असली की कंदिलाची उंची सुमारे २८ सेंटिमीटर होते आणि मधल्या पट्ट्यात एका टोकापासून समोरच्या टोकापर्यंत ४० सेंटिमीटर रुंदी मिळते. शहरातल्या सदनिकेच्या गॅलरीला हे माप शोभते. अंगणात किंवा वाड्याच्या दारात लावायचा असेल, तर बाजू ३० सेंटिमीटरपर्यंत नेता येईल. तेव्हा उंची ४२ आणि रुंदी ६० सेंटिमीटर होईल आणि कामट्या अर्थातच अधिक जाड घ्याव्या लागतील.

सामान

बांबूच्या कामट्या बुरुडांच्या दुकानात मिळतात. पुण्यात बुरूड आळीत, आणि इतर गावांतही टोपल्या, सुपे, परड्या जिथे विणतात तिथे मागितल्यास ते हव्या त्या रुंदीच्या कामट्या चिरून देतात. सुमारे अर्धा सेंटिमीटर रुंद आणि २ ते ३ मिलिमीटर जाड कामटी योग्य होय. घेताना प्रत्येक कामटी डोळ्यासमोर धरून तिच्या लांबीवरून नजर टाकावी. वाकडी असेल तर बाजूला ठेवावी. पेराची गाठ मध्ये आलेली कामटी शक्यतो टाळावी, कारण पेरापाशी ती जाड असते आणि बाजूची रेघ सरळ राहत नाही. ओला, हिरवा बांबू नको. तो वाळताना पीळ घेतो. लागणारी एकूण लांबी साडेपाच मीटर आहे, तरी तुटफूट धरून सात मीटर घ्यावी.

कागदासाठी पतंगाचा कागद उत्तम. तो पातळ असूनही चिवट असतो आणि प्रकाश एकसारखा पसरवतो. बाजारात त्याचा ताव साधारण ५० बाय ७५ सेंटिमीटरचा येतो, आणि पुढची सगळी मापे त्या हिशेबानेच दिली आहेत. दुकानात ताव लहान मिळाला तर एखादा अधिक घ्यावा. या कंदिलासाठी चौकोनांच्या रंगाचा एक, त्रिकोणांच्या रंगाचा एक, झिरमिळ्यांसाठी दोन आणि राखीव एक असे पाच ताव लागतात. शिवाय काठाच्या पट्ट्यांसाठी सोनेरी किंवा रुपेरी कागदाचा एक ताव घ्यावा. जिलेटीनचा कागद चकचकीत दिसतो, परंतु त्यातून आतला बल्ब आरपार दिसतो आणि खळीने तो चिकटतही नाही. क्रेप कागद ताणला जातो, म्हणून तो झिरमिळ्यांना चालतो, सांगाड्यावर ताणून बसवायला चालत नाही.

रंग निवडताना दुकानात कागद हातात धरून पाहण्यापेक्षा तो दिव्यासमोर धरून पाहावा. दिवसा सुंदर दिसणारा गर्द निळा किंवा जांभळा रंग रात्री बराच प्रकाश गिळून टाकतो. पिवळा, केशरी, गुलाबी आणि पांढरा हे रंग दिव्याने खुलतात. माझ्या मते पहिल्या कंदिलाला दोनच रंग असावेत, एक चौकोनांचा आणि एक त्रिकोणांचा, म्हणजे कंदिलाची घडण दुरूनही वाचता येते.

बाकीचे सामान बहुतेक घरात असतेच: मैदा, पक्का सुती दोरा, सुतळी, पांढरा गोंद म्हणजे फेविकॉल, धारदार कात्री, पट्टी, गुण्या (काटकोन आखायचे साधन), पेन्सिल, बारीक पॉलिश पेपर, मऊ ब्रश आणि जाड पुठ्ठ्याचा एक तुकडा. कामट्या कापायला बागेतली छाटणीची कात्री सोयीची पडते. नसेल तर बारीक दात्यांची करवत वापरावी. पक्कडीने कामटी तोडली तर ती लांबून चिरते.

परदेशात राहणाऱ्यांना बुरुडाच्या कामट्या मिळत नाहीत. त्यांनी किराणा दुकानात मिळणाऱ्या, खाद्यपदार्थ ओवून भाजण्यासाठीच्या ३० सेंटिमीटर लांबीच्या बांबूच्या काड्या घ्याव्यात. त्या गोल आणि बारीक असतात, त्यामुळे गाठी थोड्या अधिक घट्ट माराव्या लागतात, पण २० सेंटिमीटरच्या चौकोनाला त्या पुरेशा मजबूत असतात. तिकडच्या पावसाळी शरदात कंदील खिडकीच्या आतच टांगणे बरे.

कामट्या तयार करणे

सगळ्या २४ कामट्या २२ सेंटिमीटर लांबीच्या कापाव्यात. पहिली कामटी पट्टीने मोजून कापावी आणि उरलेल्या सगळ्या त्या पहिल्या कामटीवर ठेवून कापाव्यात. प्रत्येक वेळी आधीच्या कामटीवरून पुढची मोजत गेल्यास थोडी थोडी चूक साठत जाते. नंतर प्रत्येक कामटीच्या दोन्ही टोकांपासून एकेक सेंटिमीटरवर पेन्सिलीने खूण करावी. दोन खुणांमधले अंतर बरोबर २० सेंटिमीटर असले पाहिजे, कारण चौकोनाची खरी बाजू तीच आहे. बाहेरचा एकेक सेंटिमीटर फक्त बांधण्यासाठी आहे.

आता पॉलिश पेपरने कामट्यांच्या चारही कडा घासून घ्याव्यात. हे काम कंटाळवाणे वाटले तरी टाळू नये. बांबूची कुसळे बोटात शिरतात ती तर त्रासदायक असतातच, शिवाय तीच कुसळे ताणलेल्या पतंगी कागदाला आतून भोक पाडतात. लहान मुले मदतीला असतील, तर घासून झालेल्या कामट्याच त्यांच्या हाती द्याव्यात.

चौकोन बांधणे

पुठ्ठ्यावर गुण्याच्या मदतीने २० सेंटिमीटर बाजूचा अचूक चौकोन काढावा आणि त्याचे दोन्ही कर्ण मोजावेत. दोन्ही सुमारे २८.३ सेंटिमीटर भरले, तर चौकोन बरोबर आहे. हा पुठ्ठा म्हणजे आपला साचा. सहाही चौकोन याच्यावर ठेवूनच बांधायचे आहेत.

दोन कामट्या समोरासमोरच्या रेघांवर ठेवाव्यात आणि उरलेल्या दोन त्यांच्यावर आडव्या ठेवाव्यात. कामटीची सालीकडची गुळगुळीत बाजू वर यावी, म्हणजे कागद त्या बाजूला नीट बसतो. कोपऱ्यावर दोन्ही कामट्यांच्या खुणा एकमेकींवर आल्या की तिथे फेविकॉलचा थेंब देऊन दोरा फुलीच्या आकारात चार वेळा एका दिशेने आणि चार वेळा दुसऱ्या दिशेने गुंडाळावा, आणि शेवटी दोन कामट्यांच्या मधून दोन फेरे देऊन गाठ मारावी. नुसते गोल फेरे दिले तर कोपरा दाराच्या बिजागरीप्रमाणे फिरत राहतो. फुली आणि मधले फेरे यांमुळे तो जागेवर धरला जातो. चारही कोपरे बांधून झाल्यावर चौकोन पुन्हा साच्यावर बसवून कर्ण मोजावेत, आणि फरक दोन मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर गोंद ओला आहे तोवरच हाताने दाबून नीट करावा.

असे सहा चौकोन झाले की ते एकावर एक रचून वर जाड पुस्तकांचे वजन ठेवावे आणि गोंद पूर्ण वाळू द्यावा. चौकोनांमध्ये वर्तमानपत्राऐवजी प्लॅस्टिकचा तुकडा घातला, तर चौकोन एकमेकांना चिकटत नाहीत. गोंद वाळण्याआधी पुढची जोडणी करण्याचा मोह आवरावा. या रचनेत त्रिकोण स्वतःहून ताठ असतात, पण चौकोन ओल्या गाठींवर सहज कलतो, आणि एक कलला की त्याच्या शेजारचे सगळे कलतात.

सांगाडा उभा करणे

चार चौकोन टोकावर उभे धरावेत, म्हणजे प्रत्येकाचे एक टोक वर, एक खाली आणि दोन बाजूंना येईल. पहिल्या चौकोनाचे उजवे टोक दुसऱ्याच्या डाव्या टोकाला भिडवून दोऱ्याने बांधावे, दुसऱ्याचे तिसऱ्याला, तिसऱ्याचे चौथ्याला आणि चौथ्याचे पुन्हा पहिल्याला. हे कडे अजून डगमगते असेल आणि ते तसेच असायला हवे. या टप्प्यावर गाठी अगदी आवळू नयेत.

आता पाचवा चौकोन आडवा धरून वर आणावा. त्याचे चार कोपरे खालच्या चार चौकोनांच्या वरच्या टोकांवर येतात. एकेक कोपरा बांधत गेल्यावर कडे आपोआप ताठ होऊ लागते, आणि हा क्षण पाहण्यासारखा असतो, कारण हातात लोंबकळणाऱ्या कामट्यांना एकदम आकार येतो. सांगाडा उलटा करून सहावा चौकोन तळाशी त्याच पद्धतीने बांधावा. एकूण बारा सांधे होतात आणि प्रत्येक सांध्यावर नेमके दोन चौकोन भेटतात. एखाद्या सांध्यावर तीन आले असतील तर जोडणी कुठेतरी चुकली आहे असे समजून तिथूनच ती सोडवावी.

सगळे सांधे बांधल्यावर सांगाडा सपाट टेबलावर ठेवून चारही बाजूंनी पाहावा. मधल्या पट्ट्यातल्या समोरासमोरच्या टोकांमधली दोन्ही अंतरे मोजावीत. ती सारखी, म्हणजे सुमारे ४० सेंटिमीटर असली पाहिजेत. मग गाठी आवळाव्यात, प्रत्येक सांध्यावर फेविकॉल लावावे आणि बाहेर आलेली टोके अर्धा सेंटिमीटर ठेवून छाटावीत. गाठीला लागून छाटली तर दोरा निसटतो.

वरच्या चौकोनाच्या एका कर्णावर ३० सेंटिमीटर लांबीची जाडसर कामटी आडवी बांधावी. दिव्याचा होल्डर आणि टांगण्याची सुतळी हिलाच बांधायची आहे, म्हणून इथे दोरा दुपदरी घ्यावा. सांगाडा रात्रभर वाळू द्यावा.

खळ

पतंगी कागदाला मैद्याची खळ लावावी, असे मी आग्रहाने सांगेन. फेविकॉल लवकर पकडते, त्यामुळे कागद वाकडा बसला तर सरकवता येत नाही आणि ओढला तर फाटतो. खळ सावकाश वाळते, कागद सरकवून नीट करायला अवधी देते, आणि पुढच्या वर्षी जुना कागद काढताना ओल्या फडक्याने सुटतेही.

दोन मोठे चमचे मैदा आधी थोड्या थंड पाण्यात गुठळ्या न राहतील असा कालवावा, मग त्यात उरलेले पाणी घालून एकूण एक वाटी पाणी करावे आणि मंद आचेवर सतत ढवळत राहावे. पांढरे मिश्रण हळूहळू घट्ट आणि थोडे पारदर्शक होते. चमच्याच्या पाठीवर थर धरू लागले की खाली उतरवावे. चिमूटभर तुरटीची पूड घातल्यास खळ लवकर आंबत नाही. पूर्ण गार झाल्यावरच वापरावी आणि गुठळ्या राहिल्या असतील तर जुन्या मलमलीतून गाळून घ्यावी. उरलेली खळ झाकून थंड जागी दोन दिवस राहते. आंबट वास आला की टाकून द्यावी. मोरचूद घालून खळ टिकवण्याची जुनी रीत आहे, परंतु मोरचूद विषारी असते आणि मुले असलेल्या घरात ते वापरू नये.

कागद लावणे

चौकोनांसाठी २२ सेंटिमीटर बाजूचे चार तुकडे कापावेत. एका तावातून असे सहा निघतात, म्हणजे दोन हाताशी राहतात. त्रिकोणांसाठी आधी पुठ्ठ्याचा साचा करावा. कामट्यांमधला त्रिकोण २० सेंटिमीटर बाजूचा आहे आणि त्याला तिन्ही बाजूंनी एक सेंटिमीटर जादा हवा, म्हणून साच्याची बाजू साडेतेवीस सेंटिमीटर आणि उंची सुमारे साडेवीस सेंटिमीटर होते. तावाच्या लांबीने साडेवीस सेंटिमीटर रुंदीच्या दोन पट्ट्या आखून त्यांत त्रिकोण एक सुलटा, एक उलटा असे मांडले, तर एका पट्टीत पाच, म्हणजे तावात दहा बसतात आणि आपल्याला आठच हवे आहेत. चौकोन आणि त्रिकोण दोहोंचेही कोपरे तिरके छाटावेत, नाहीतर सांध्यावरच्या गाठींपाशी कागद गोळा होतो.

आधी चौकोन, नंतर त्रिकोण. ताठ बसलेला कागद चौकोनाला तिरका होऊ देत नाही, म्हणून एकदा चारही चौकोन कागदाने बांधले गेले की त्रिकोण लावताना सांगाडा हलत नाही. पहिला चौकोन झाला की त्याच्या शेजारचा न घेता समोरचा घ्यावा, म्हणजे दोन्ही बाजूंचा ताण सारखा राहतो.

खळ कागदाला लावू नये, कामटीला लावावी. पतंगी कागद ओला झाला की लगेच फाटतो आणि त्याचा रंगही उतरतो, तर कामटीवरच्या पातळ थरातून त्याला बेताचीच ओल मिळते. चौकोनाच्या चारही कामट्यांवर ब्रशने खळ फिरवावी, कागद वरून अलगद ठेवावा, एक बाजू बोटाने दाबून बसवावी, मग समोरची बाजू हलकेच ताणून बसवावी, आणि शेवटी उरलेल्या दोन. कोरड्या मऊ फडक्याने मधून कडेकडे हात फिरवावा. जादा राहिलेला कागद कामटीवरून आत दुमडून खळीने चिकटवावा. त्रिकोण लावताना हीच क्रिया करायची, फक्त जादा कागद आत न दुमडता चौकोनाच्या कडेवर बाहेरून चिकटवायचा; तो नंतर सोनेरी पट्टीखाली झाकला जातो.

कागद थोडा सैल राहिला तर घाबरून तो उपटू नये. पूर्ण वाळल्यावर त्यावर पाण्याचा अगदी बारीक फवारा दुरून मारावा. पतंगी कागद ओलसर होऊन पुन्हा वाळताना आवळतो आणि बऱ्याच सुरकुत्या जातात. मात्र हा प्रयोग आधी त्याच कागदाच्या उरलेल्या तुकड्यावर करून पाहावा, कारण काही कागदांचा रंग पाण्याने पसरतो. वरचा आणि तळाचा चौकोन उघडाच ठेवायचा. वरून दिव्याची ऊब बाहेर पडते आणि खालून हात घालून बल्ब बदलता येतो.

सजावट

सोनेरी कागदाच्या २ सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापून त्या लांबीत मधोमध दुमडाव्यात आणि प्रत्येक कडेवर अशा बसवाव्यात की अर्धी पट्टी चौकोनावर आणि अर्धी त्रिकोणावर येईल. चोवीस कडा आहेत, म्हणून पावणेपाच ते पाच मीटर पट्टी लागते. सोनेरी कागदाची चकचकीत बाजू खळ धरत नाही, पण मागची बाजू धरते. कुठे सुटत असेल तर तेवढ्यापुरते फेविकॉल वापरावे.

करंज्या हा या कंदिलाचा खास अलंकार आहे. सुमारे ५ सेंटिमीटर व्यासाचे गोल तुकडे कापावेत, घडीवर दाब न देता ते सैलसर दुमडावेत आणि फक्त कडा एकमेकींना चिकटवाव्यात. पोट फुगलेली छोटी करंजी तयार होते. मधल्या पट्ट्यातल्या चौकोनांच्या कडांवर त्या एकीशेजारी एक लावल्या की कंदिलाला भरीवपणा येतो. मुलांना देण्याजोगे हे सर्वांत चांगले काम आहे, कारण एखादी करंजी बिघडली तरी बाकी कशाचेच नुकसान होत नाही.

चौकोनांवर कातरकामाची नक्षी हवी असेल, तर १६ सेंटिमीटर बाजूचा पांढरा कागद तीन वेळा दुमडून त्याचा त्रिकोण करावा, कडांवर पाकळ्या, पाने, थेंब असे छेद द्यावेत आणि उलगडून चौकोनाच्या मध्यावर खळीचे अगदी थोडे ठिपके देऊन चिकटवावा. दोन छेदांमध्ये किमान अर्धा सेंटिमीटर कागद राखावा, म्हणजे जाळी उलगडताना तुटत नाही. नक्षी जितकी साधी तितकी ती दिव्यासमोर स्पष्ट उमटते. बारीक जाळी खालून पाहणाऱ्याला फक्त डागासारखी दिसते.

झिरमिळ्यांसाठी तावाची लांबी २०–२० सेंटिमीटरमध्ये विभागावी, म्हणजे २० सेंटिमीटर रुंद आणि ५० सेंटिमीटर लांब असे तुकडे मिळतात. एका तावातून तीन निघतात आणि तळाच्या चौकोनाच्या चार बाजूंना चार हवेत. दुसऱ्या तावातले उरलेले दोन तुकडे मधल्या चार टोकांना बारीक शेपट्या लावण्यासाठी कामी येतात. प्रत्येक तुकडा वरचे ४ सेंटिमीटर सोडून खालपर्यंत एकेक सेंटिमीटरच्या पट्ट्यांत कापावा. कात्री मध्ये थांबवून पुन्हा लावली तर तिथे दातेरी कड येते, म्हणून लांब पात्याची कात्री घेऊन मोठ्या झोकात कापावे. वरचा न कापलेला भाग तळाच्या कामटीभोवती दुमडून चिकटवला की झिरमिळ्या सरळ लोंबतात आणि वाऱ्याने सुंदर हलतात. खाली माणसांची ये-जा असेल, तर सर्वांत खालची कड डोक्याला लागणार नाही इतकी उंची आधी मोजून घ्यावी.

थर्माकोलची तयार फुले आणि प्लॅस्टिकच्या माळा यांची या कंदिलाला गरज नाही. महाराष्ट्रात २०१८ च्या अधिसूचनेने सजावटीच्या थर्माकोलवर बंदी घातली आहे, आणि कागद, बांबू व मैदा एवढ्यावर उभ्या असलेल्या वस्तूला ते शोभतही नाही.

दिवा आणि टांगणी

कागदाच्या कंदिलात उघडी ज्योत कधीही ठेवू नये. जुन्या पद्धतीचा तारेचा बल्बही नको. तो इतका तापतो की जवळचा कागद प्रथम तपकिरी पडतो आणि नंतर पेट घेऊ शकतो. ३ ते ५ वॉटचा एलईडी बल्ब या मापाच्या कंदिलाला पुरतो. पिवळसर प्रकाशाचा घ्यावा. निळसर पांढऱ्या प्रकाशात केशरी आणि गुलाबी कागद फिके दिसतात. बल्ब कंदिलाच्या बरोबर मध्यावर लोंबला पाहिजे. या कंदिलाच्या मध्यापासून समोरचा कागद १४ सेंटिमीटरवर असतो, त्यामुळे मध्यावरचा बल्ब कागदाला टेकत नाही आणि सगळ्या बाजू सारख्या उजळतात. तो वर राहिला तर खालचे त्रिकोण अंधारे दिसतात.

कंदिलाचे वजन वायरीवर कधीही येऊ देऊ नये. वरच्या आडव्या कामटीला सुतळी बांधून कंदील तिच्यावर टांगावा आणि वायर सैल ठेवून तिच्या बाजूने आत सोडावी. कंदील उघड्यावर असेल, तर वायर आत शिरण्याआधी तिला खाली थोडा झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी वायरीवरून ओघळत होल्डरपर्यंत न जाता झोळाच्या तळाशीच ठिबकून जाते. वायरीला मध्ये जोड नसावा. असलाच तर तो घराच्या आत यावा. होल्डर जोडताना मुख्य बटण बंद ठेवावे, आणि या कामाची सवय नसेल तर वायर, होल्डर आणि पिन जोडलेला तयार संच विकत घ्यावा. पाऊस आला की दिवा बंद करून कंदील आत घ्यावा. ओला झालेला पतंगी कागद हात लागला नाही तर वाळून पुन्हा बऱ्यापैकी ताठ होतो, म्हणून भिजलेला कंदील पुसू नये, नुसता टांगून ठेवावा.

वाऱ्याने कंदील गरगर फिरत असेल, तर तळाच्या एका कोपऱ्याला बारीक दोरा बांधून तो गॅलरीच्या कठड्याला सैलसर अडकवावा. घट्ट बांधला तर वाऱ्याच्या झोताने कागद फाटतो.

नंतरची व्यवस्था

काही घरांत कंदील भाऊबीजेनंतर उतरवतात, काही घरांत त्रिपुरारी पौर्णिमेपर्यंत ठेवतात. उतरवताना आधी होल्डर आणि वायर काढावी, मग झिरमिळ्या. पतंगी कागद उन्हाने आणि धुळीने एका दिवाळीत फिका पडतो, म्हणून तो जपण्यात अर्थ नाही. कामट्यांवर ओले फडके फिरवून दहा मिनिटे थांबले की खळ मऊ होते आणि कागद सोलून निघतो. उरलेली खळ पूर्ण पुसून काढावी, कारण मैद्याला झुरळे आणि कसर लागते. सांगाडा दोन दिवस सावलीत वाळवून, सैल झालेल्या गाठींवर फेविकॉलचा थेंब देऊन, जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर टांगून ठेवावा. त्यावर जड वस्तू ठेवू नये. चौकोनाचा आणि त्रिकोणाचा असे पुठ्ठ्याचे दोन्ही साचे त्याच गुंडाळीत ठेवावेत आणि त्यांच्यावर मापे लिहावीत, म्हणजे पुढच्या कोजागरीनंतर फक्त ताव आणायचे, खळ शिजवायची आणि थेट कागद लावायला बसायचे.